पहिला फरसूट: कोणते सामान आधी घ्यावे, कोणते थांबवावे

तुम्ही विचारले आहे की, कोल्ह्याचे डोके, हातांचे पंजे आणि शेपूट असा पहिला फरसूट घरच्या घरी करायचा आहे, शिवणकाम जुजबी येते, आईचे सरळ टीप घालणारे जुने काळे मशीन घरात आहे. तर हत्यारांची आणि सामानाची यादी काय असावी, फरचे कापड किती घ्यावे, आणि डोक्याचा सांगाडा थ्रीडी प्रिंट केलेला विकत घ्यावा की फोमचा घरी करावा. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी एवढे सांगते की, फरसूट म्हणजे स्वतः कल्पिलेल्या प्राणी-पात्राचा, कृत्रिम फरचा, अंगावर चढवायचा पोशाख. डोके, पंजे आणि शेपूट एवढेच केले तर त्याला पार्शल म्हणतात, आणि अंगासकट सगळे केले तर फुल सूट. तुम्ही पार्शलपासून सुरुवात करत आहात हे उत्तम आहे, कारण अंगाच्या भागाला कापड सर्वांत जास्त लागते आणि शिकण्यासारखे त्यात सर्वांत कमी असते.

यादीकडे वळण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. हा छंद अमेरिकेत रुजला. तिथले पहिले फरी संमेलन, म्हणजे अशा प्राणी-पात्रांच्या चाहत्यांचे संमेलन, १९८९ साली कॅलिफोर्नियात भरले, युरोपातले युरोफरेन्स १९९५ पासून भरते आणि पिट्सबर्ग शहरात २००६ पासून उन्हाळ्यात अँथ्रोकॉन होते. साहजिकच तुम्हाला जे व्हिडिओ आणि लेख सापडतील त्यांतले बहुतेक तिथल्या दुकानांना आणि तिथल्या हवेला धरून केलेले असतात. त्यांची सभागृहे वातानुकूलित असतात, आणि तिथेही फरसूट घालणाऱ्यांना डोके काढून बसता यावे म्हणून पंखे आणि पाणी ठेवलेली वेगळी खोली असते, जिला ते हेडलेस लाउंज म्हणतात. आपल्याकडे ही सोय गृहीत धरता येत नाही आणि मुंबईची दमट हवा तर कोणाला सांगायला नको. म्हणून श्वास, नजर आणि घाम या तीन गोष्टींचा विचार मी सजावटीच्या आधी करते, आणि खाली जिथे जिथे माझा सल्ला परदेशी यादीपेक्षा वेगळा वाटेल तिथे कारण बहुधा हेच असेल. आणखी एक बारीक सूचना: त्या लेखांत कापडाचे माप यार्डात दिलेले असते. यार्ड म्हणजे मीटरला सुमारे ९ सेंटिमीटर कमी, तेव्हा तोच आकडा मीटरमध्ये घेतलात तर थोडे जास्तच येईल, कमी पडणार नाही.

सगळे सामान एकदम घेऊ नका. आधी शेपूट, मग पंजे, शेवटी डोके, या क्रमाने काम करा आणि त्याच क्रमाने खरेदी करा. शेपटीत दोनतीन लांब शिवणी असतात. त्या घालताना फरच्या केसांची दिशा सांभाळणे, कापणे, शिवणे आणि शिवणीत अडकलेले केस मोकळे करणे या चारही गोष्टी हाताला बसतात, आणि काही वाकडे गेले तरी लांब केसांत ते झाकले जाते. डोक्यावर, विशेषतः तोंडाच्या पुढच्या भागावर, केस बारीक कापलेले असल्यामुळे काहीच झाकले जात नाही. ज्यांनी डोक्यापासून सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली असे पुष्कळ लोक मला माहीत आहेत. शेपटीपासून सुरुवात करून सोडणारे क्वचितच.

खर्चाची खरी जागा म्हणजे फर. फोम हलक्या प्रतीचा मिळाला, डिंक साधा घेतला, तरी चालून जाते. फर वाईट असेल तर चांगली शिलाईही त्याला वाचवत नाही. आपल्याकडे जे फरचे कापड सर्रास मिळते ते सॉफ्ट टॉय, गालिचे आणि जॅकेटांच्या कॉलरसाठी असते, आणि त्यात उत्तमपासून टाकाऊपर्यंत सर्व प्रती असतात. मुंबईत मंगलदास मार्केटच्या आसपास, पुण्यात रविवार पेठेत आणि एकूणच जिथे सॉफ्ट टॉय करणाऱ्यांना माल पुरवला जातो तिथे चौकशी करा, पण दुकानात फक्त रंग पाहून कापड फाडून घेऊ नका. तुकडा हातात घ्या, केस दोन अंगठ्यांनी भांग पाडल्यासारखे बाजूला सारा आणि खालचे विणलेले अस्तर किती दिसते ते पाहा. भांग पाडल्यावर अस्तराची बारीक रेघच दिसली तर फर दाट आहे. बोटभर पट्टा उघडा पडला तर ते डोक्यासाठी घेऊ नका, कारण फोमच्या गोलाईवर ताणल्यावर तो पट्टा आणखी रुंदावतो. मग केस मुठीत धरून हलकेच ओढा. कापलेल्या कडेचे चार केस येणारच, पण मधूनही झुबका निघाला तर कापड परत द्या. शेवटी दोन तळव्यांमध्ये तुकडा जोरात चोळा; स्वस्त फरचे केस लगेच गुंततात आणि त्यांची टोके वळलेल्या लोकरीसारखी होतात. दुकानदार नमुन्याचा तुकडा देत असेल तर तो घरी नेऊन उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहा. नारिंगी रंग कॅमेऱ्यात फार फसवतो, आणि कोल्ह्याचे सगळे रूप त्या रंगावर उभे असते.

केसांची लांबी कोल्ह्यासाठी चार ते सहा सेंटिमीटर असावी. आखूड केसांचे कापड घेऊन काम सोपे होईल असे वाटते, पण लांब केस कापून आखूड करता येतात, आखूड केस लांब करता येत नाहीत, आणि गालांच्या झुपक्यांना लांबी लागतेच. कापडाचा पन्हा साधारण दीड मीटर असतो. त्या पन्ह्यात नारिंगी दीड मीटर, पांढरे पाऊण मीटर आणि काळे अर्धा मीटर घेतले की डोके, पंजे आणि बऱ्यापैकी मोठी शेपूट होते. हा हिशेब केसांची दिशा सांभाळून तुकडे मांडायला धरला आहे. दिशा न पाहता तुकडे आडवेतिडवे बसवले तर कापड वाचते, पण तयार डोक्यावर उजेड पडताच प्रत्येक तुकडा वेगळ्या छटेचा दिसतो. एकाच ताग्यातून सगळे घ्या. नंतर अर्धा मीटर आणायला गेलात तर रंगाची दुसरी खेप मिळण्याची शक्यता असते, आणि दोन खेपांमधला फरक दुकानात कळत नाही, शेजारी शिवल्यावरच कळतो.

पंजांच्या गाद्या, जीभ आणि कानाची आतली बाजू यांसाठी फ्लीस अर्धा मीटर पुरते. गोळे न धरणारे फ्लीस मागा.

आता कापणे. इथे हत्यार एकच लागते, आणि ते सर्वांत स्वस्त आहे: पाते तोडून नवे करता येते असा कटर, नऊ मिलिमीटर पात्याचा. फर कात्रीने कापू नये, असे का सांगतात ते एकदा करून पाहिल्यावरच पटते. कात्रीचे खालचे पाते केसांमधून जाते आणि अस्तराबरोबर केसही अर्ध्यात तोडते, त्यामुळे कडेला खराट्यासारखी सरळ रेघ उमटते आणि ती शिवण मग लपत नाही. कापड उलटे पसरा, अस्तरावर साध्या पेनाने आखणी करा, पांढऱ्या फरवर मात्र पेन्सिलच वापरा, कारण पेनाची शाई घामाने पुढे उतरते. आखलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना डाव्या हाताची बोटे ठेवून कापड किंचित वर उचला, म्हणजे केस खाली लोंबकळत राहतील आणि टेबलाला दाबले जाणार नाहीत. कटरचे टोक अस्तरात जेमतेम शिरेल इतकेच टेकवा आणि लहान लहान ओढींनी पुढे सरका. अस्तर फाटल्याचा बारीक करकर आवाज येतो. तो आवाज थांबला की पाते बोथट झाले असे समजून पुढचा भाग मोडून घ्या. दोन तुकडे शेवटी हाताने हळूच ओढून वेगळे केले की केस अखंड राहतात आणि कडेच्या बाहेर झुलतात. हे झुलणारे केसच पुढे शिवण झाकणार आहेत.

कापताना केस उडतात, आणि हे केस अतिशय बारीक प्लॅस्टिकचे धागे असतात. एन-९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा, खाली जुनी चादर अंथरा आणि प्रत्येक तुकडा कापून झाला की त्याच्या कडा व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ओल्या हाताने साफ करा. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे काम गच्चीवर, वारा नसताना करा.

आईच्या मशीनबद्दल तुम्ही विचारले आहे. सरळ टीप घालणारे जुने मशीन फर शिवू शकते. किंबहुना त्याची ताकद नव्या हलक्या मशीनपेक्षा बरी असते. १६ नंबरची सुई लावा, टाका लांब ठेवा, दाबपट्टीचा दाब कमी करा आणि दोरा चांगल्या प्रतीचा पॉलिएस्टर वापरा. सुती दोरा घामाने कुजतो. माया, म्हणजे शिवणीबाहेर सुटणारी कड, सहा मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका, कारण फरच्या जाड मायेने शिवणीवर वरंबा उठतो. दोन तुकडे सुलट बाजू आतमध्ये घेऊन जोडताना कडेचे केस आत ढकलत जा आणि टाचण्यांऐवजी क्लिपा लावा. फरमध्ये हरवलेली टाचणी पुढे कोणाच्या तरी कपाळाला टोचते. घरात मोठ्या काचेच्या डोक्याच्या टाचण्याच असतील तर त्या मोजून लावा आणि मोजून काढा.

असे असले तरी माझा आग्रह आहे की, डोक्याचा सगळा भाग आणि पंजांची बोटे हातानेच शिवावीत. कडेवरून दोरा गुंडाळत, तीनचार मिलिमीटरवर एक टाका, दोरा दुहेरी. वेळ लागतो हे खरे, पण गोलाईवर कापड किती सोडायचे आणि किती ओढायचे हे बोटांना कळते, मशीनला कळत नाही. त्यासाठी जाड सुया, एखादी वाकडी सुई, अंगुस्तान आणि टाके उसवायचे हत्यार एवढे घ्या. शिवून झाले की तुकडा उलटवा आणि कुत्र्यांसाठी मिळतो तो बारीक तारांचा ब्रश शिवणीला आडवा फिरवा. अडकलेले केस बाहेर येतात आणि शिवण दिसेनाशी होते. हा ब्रश चैनीची वस्तू समजू नका, तो कटरइतकाच आवश्यक आहे.

शेपटीत भरायला रेक्रॉनचा फायबर घ्या, कापूस नको. कापूस ओला झाला की गोळा होतो आणि पावसाळ्यात वास मारतो. शेपटीच्या बुंध्याला रुंद, मजबूत पट्टीची दोन काजे आतून शिवून टाका आणि त्यांतून कमरेचा पट्टा ओवा. इलास्टिकवर लटकवलेली शेपूट चालताना खाली ओढत राहते. पंजांसाठी स्वतःचा हात कागदावर ठेवून चारी बाजूंनी दीडदोन सेंटिमीटर सोडून आखणी करा, बोटे तीन आणि अंगठा एक असे धरा, आणि आत पातळ सुती अस्तर वेगळे शिवून बसवा, म्हणजे घामट अस्तर बाहेर काढून धुता येईल.

आता डोके. तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, पहिले डोके फोमचे करा. थ्रीडी प्रिंटचा सांगाडा प्रमाणबद्ध असतो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात, आणि तेच डोके पुन्हा पुन्हा करणाऱ्याला त्याचा फायदा आहे. पण तो तुमच्या डोक्याच्या मापाचा असायला हवा, तो कडक असतो, आणि नेहमीच्या पीएलए प्लॅस्टिकचा असेल तर साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो ठेवणे म्हणजे धोका पत्करणेच. फोमचे तसे नाही. गाल जास्त फुगले तर कापता येतात, नाक आखूड झाले तर तुकडा चिकटवता येतो, आणि कोल्ह्याच्या चेहऱ्यात कोणते माप किती असले की तो धूर्त दिसतो आणि किती असले की भाबडा दिसतो, हे कापता कापताच उमगते.

फोम गादी-सोफेवाल्याकडे मिळेल. पॉलियुरेथेनचा, ३२ डेन्सिटीचा, एक इंच जाडीचा तीन फूट बाय तीन फूट तुकडा आणि अर्धा इंच जाडीचा त्याच्या निम्मा तुकडा एका डोक्याला पुरतो. भंगार फोम दाबून केलेला रंगीबेरंगी रिबॉन्डेड फोम घेऊ नका, तो जड असतो आणि कात्रीला दाद देत नाही. सोफेवाल्याकडचे कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळत असतील तर अवश्य घ्या, कारण चेहऱ्याच्या बांधणीला लहान तुकडेच जास्त लागतात. पाया म्हणून मोटारसायकलवाले घालतात तशी पातळ कापडी कानटोपी, जिच्यात फक्त डोळे उघडे राहतात, ती डोक्याला नीट बसणारी आणा. तिच्यावर फोमच्या पट्ट्या चिकटवत जायचे. मात्र टोपी तुमच्या डोक्यावर असताना गरम डिंक लावू नका. थर्माकोलचे डोके मिळते, त्यावर कापड गुंडाळून आपल्या डोक्याच्या घेराइतके करून घ्या आणि टोपी त्यावर चढवा. नाकातोंडासमोर किमान चार बोटे मोकळी जागा राहिली पाहिजे. चष्मा असेल तर तो घालूनच मापे घ्या.

डिंकाबाबत माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे काही ग्लू गनने चिकटवलेले दिसते, कारण ते झटपट होते. ग्लू गन तुम्हालाही लागेलच. ११ मिलिमीटरच्या कांड्यांची, ४० ते ६० वॉटची घ्या, छोटी, बारीक कांड्यांची गन या कामाला लवकर दमते. पण हा डिंक उष्णतेने वितळतो म्हणूनच तो गनमधून येतो, आणि आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत तो पुन्हा मऊ पडतो. म्हणून फोमला फोम जोडायचा असेल तिथे रबरी चिकटद्रव्य वापरा, फेविकॉल एसआर किंवा त्या जातीचे कोणतेही, जे सोफेवाला स्वतः वापरतो. ते दोन्ही पृष्ठांवर पातळ लावायचे, दहापंधरा मिनिटे थांबून बोटाला चिकटेनासे झाले की मगच दाबायचे. एकदा टेकले की हलत नाही, तेव्हा आधी नेम धरा. सांधा लवचीक राहतो आणि डोके दाबले तरी कुरकुरत नाही. याच्या वाफा डोक्याला चढतात आणि पेट घेतात. सगळ्या खिडक्या उघडा आणि घरात गॅस, समई, उदबत्ती यांपैकी काहीही पेटलेले असताना डबा उघडू नका. ग्लू गन तुम्ही फर फोमवर बसवताना आणि डोळे, नाक असे भाग जागेवर टेकवताना वापरा, आणि शेजारी थंड पाण्याचे भांडे ठेवा, कारण तो डिंक बोटाला लागला तर पुसण्याने भाजणे वाढते. हात सरळ पाण्यात घालावा.

फोमचा चेहरा मनासारखा झाला की त्यावर फरचे तुकडे कसे बेतायचे, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्ममध्ये आणि रंगाऱ्याच्या मास्किंग टेपमध्ये आहे. चेहऱ्याचा अर्धा भाग फिल्मने झाकून त्यावर टेपचे दोन थर एकमेकांना छेदून लावा. मार्करने मधली रेघ काढा, मग जिथे रंग बदलतो तिथे रेघ काढा, आणि प्रत्येक तुकड्यात केस कुठल्या दिशेला जाणार त्याचा बाण काढा: नाकापासून कपाळाकडे, गालांवर खाली आणि मागे. आता हे कवच कात्रीने सोडवा. सपाट पडत नसेल तिथे काप द्या, तेच पुढे चिमटे होतील. हे तुकडे कागदावर उतरवून, उलटवून दुसरी बाजू काढली की दोन्ही गाल सारखे येतात. डाव्या आणि उजव्या तुकड्यांवर तसे लिहून ठेवा, आणि बाण नसलेला एकही तुकडा फरवर ठेवू नका.

डोळ्यांवर वेळ घालवा, कारण पात्र जिवंत वाटते ते डोळ्यांमुळे आणि अपघात होतात तेही डोळ्यांमुळे. डोळ्याचा पांढरा भाग पातळ पांढऱ्या प्लॅस्टिकचा, ऑफिस फाइलचे जाडसर आवरणही चालते, आणि बुबुळाच्या जागी जाळी, जिच्यातून तुम्ही बघणार. परदेशी लेखांत यासाठी बकरम, म्हणजे खळ दिलेले ताठ कापड, सांगतात; पण आपल्या शिंप्याकडे कॉलरसाठी मिळणारे बकरम घट्ट विणीचे असते आणि त्यातून धुकट दिसते. भरतकामासाठी मिळणारे छिद्रांचे प्लॅस्टिक कॅनव्हास आणा, किंवा खिडकीला लावतात ती फायबरची डासजाळी दुहेरी न करता वापरून पाहा. बुबुळाचा रंग फक्त बाहेरच्या बाजूने, जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपत द्या आणि प्रत्येक हातानंतर जाळीवर जोराने फुंकर मारा, म्हणजे भोके बुजणार नाहीत. आतली बाजू काळी ठेवा. आत अंधार आणि बाहेर उजेड असेल तर आतल्याला स्पष्ट दिसते आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. जाळी पांढऱ्या भागाच्या थोडी मागे, खोलगट बसवली तर बघणाऱ्याला डोळे आपल्या मागे वळत असल्यासारखे वाटतात. ती चिकटवण्याआधी डोके घालून जिना उतरून पाहा, कोणाचा तरी हात धरून. पायरीची कड दिसत नसेल तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी आणखी एक फट ठेवा आणि ती काळ्या जाळीने झाका.

नाक, दात आणि नखे यांसाठी सुरुवातीला साचे, रेझिन, सिलिकॉन यांच्या मागे लागू नका. फोमच्या गोळीवर काळे मऊ रेक्झिन ताणून बसवले की कोल्ह्याचे नाक छान होते. दात फोम क्लेचे, म्हणजे हवेत वाळणाऱ्या हलक्या मातीचे, करा, ते हलके असतात आणि कोणाला लागत नाहीत. कानांत पाच मिलिमीटरचा इव्हा फोम (चपलांच्या तळव्याला असतो तसा दाट फोम) घाला, नाहीतर लांब कान फरच्या वजनाने वाकतात.

डोक्यासाठी एक महागडे हत्यार घ्यावेच लागते, ते म्हणजे केस कापायचे क्लिपर, कुत्र्यांचे केस कापण्यासाठी असते तसे, तीन ते बारा मिलिमीटरच्या कंगव्यांसह. दाढीचा ट्रिमर लहानशा जागेला चालेल, पण दाट फरपुढे त्याची मोटर तापते आणि पाते केस कापण्याऐवजी ओढते. ओळखीत कोणाकडे कुत्रा असेल तर क्लिपर उसने मागून पहिले डोके करता येते. काम झाल्यावर पात्यातले केस झाडून, तेलाचे दोन थेंब सोडून परत करा. सर्वांत मोठा कंगवा लावून सुरुवात करा. नाकाजवळ सर्वांत आखूड, डोळ्यांखाली मध्यम आणि गालाकडे जाताना लांब, अशी उतरण यायला हवी. केसांच्या विरुद्ध दिशेने क्लिपर फिरवले की समान कापले जाते, आणि जिथे दोन लांबी भेटतात तिथे कंगवा हळूहळू उचलत बाहेर काढा. प्रत्येक फेरीनंतर ब्रश करा आणि तीनचार हात मागे जाऊन बघा. आधी उरलेल्या चिंधीवर सगळे कंगवे फिरवून लांबीचे नमुने करून घ्या, कारण कापलेला फर परत येत नाही आणि तो भाग बदलायचा म्हणजे अख्खा तुकडा उसवणे आले.

हवेची सोय शेवटी आठवून करण्याची गोष्ट नाही; फर चढवण्याआधीच, फोम कोरतानाच तिची जागा ठेवा. कोल्ह्याचे तोंड किंचित उघडे ठेवा आणि आत काळी जाळी लावा. एवढ्यानेही खूप फरक पडतो. त्याशिवाय नाकाच्या पोकळीत पाच व्होल्टचा, ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवा, पात्यांना जाळीचे झाकण असलेला, म्हणजे केस ओढले जाणार नाहीत. चष्मा घालत असाल तर पंख्याची दिशा हवा बाहेर फेकणारी असू द्या, काचांवर वाफ कमी धरते. पंखा यूएसबीच्या वायरने पॉवर बँकेवर चालतो, पण पॉवर बँक डोक्यात नको, खिशात ठेवा. घेण्यापूर्वी पंखा लावून अर्धा तास चालवून पाहा, कारण वीज फार कमी ओढली जात असेल तर अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात, आणि ते नेमके गर्दीत कळणे बरे नाही.

पूर्ण पोशाख घातल्यावर उन्हाळ्यात पंधरावीस मिनिटांनी डोके काढायचेच, हा नियम कोणाच्याही आग्रहाने मोडू नका. आत सुती बनियनऐवजी खेळाडू घालतात तसा लगेच वाळणारा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. बरोबर एक माणूस असा हवा की, ज्याचे काम फक्त तुमच्याकडे लक्ष देणे आहे: तो पायऱ्या सांगेल, मुलांना शेपूट ओढण्यापासून थांबवेल आणि ओआरएसची बाटली व स्ट्रॉ जवळ ठेवेल. चक्कर, मळमळ किंवा घाम अचानक थांबल्यासारखे वाटले तर पात्राचा मान वगैरे विसरून जागच्या जागी डोके काढा.

वापरून झाल्यावर डोक्याच्या आत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा द्या, खिडक्या उघड्या ठेवून, आणि टेबलफॅनसमोर मानेकडची बाजू वाऱ्याला करून रात्रभर ठेवा. पंजे आणि शेपूट गार पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. ड्रायर, इस्त्री किंवा गरम पाणी कधीही नको, कारण हे केस ॲक्रिलिकचे किंवा पॉलिएस्टरचे असतात आणि उष्णतेने एकदा आखडले की कोणत्याही ब्रशने सरळ होत नाहीत. ओलसर असतानाच ब्रश केला तर केस आपल्या दिशेला बसतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत बुरशी धरते. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात, आत सिलिका जेलच्या चारसहा पुड्या टाकून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, आणि दर पंधरवड्याला एकदा बाहेर काढून पंख्याखाली हवा द्या.